नायकाची गोष्ट संपली, पुढचा डाव कुणाचा?

मे महिना लागला की मुंबई, ठाणे, पुण्याकडची आपली माणसे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपापल्या गावी येतात. बौद्धवाडीत वर्दळ सुरू होते. कुणाकडे लग्न असते, कुणाच्या घराची कौले परतायची असतात, विहाराला रंग द्यायचा असतो, जयंतीचा राहिलेला हिशेब मांडायचा असतो. मोठी माणसे अशी गुंतलेली आणि मुले मात्र विहाराच्या पायरीवर मोबाईलमध्ये डोके घालून बसलेली. आया ओरडतात, आजोबा कपाळाला हात लावतात. "आम्ही या वयात लाकडे फोडायचो," हे वाक्य प्रत्येक घरात एकदा तरी ऐकू येते.

ही तक्रार खोटी नाही. पण या मुलांच्या शेजारी घटकाभर बसून त्यांचे बोलणे ऐकले, तर एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. ती नुसती बटणे दाबत नाहीत, वादही घालत असतात. अमक्या खेळाच्या नायकाची गोष्ट संपली, आता पुढच्या भागात कोण येणार? त्याचा मुलगा, त्याची मुलगी, की तोच परत जिवंत होणार? या वादात मुले इतकी रंगतात की जेवणाची हाक ऐकू येत नाही.

आम्हांला हा वाद फार मोलाचा वाटतो. नायक गेल्यावर गोष्ट पुढे कशी न्यायची, हा प्रश्न त्या खेळापुरता नाही. आपला समाज ६ डिसेंबर १९५६ पासून याच प्रश्नाशी झगडतो आहे. म्हणून आज कुटुंबाच्या या पानावर आम्ही मुलांचाच प्रश्न घेत आहोत.

आधी दोन खेळ वेगळे करू या

मोबाईलवरचा प्रत्येक खेळ एकाच माळेचा मणी नव्हे. पैसे लावून खेळायचे जे खेळ आहेत, त्यांनी कितीतरी कष्टकरी घरांतला पगार गिळला. अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. त्या खेळांबद्दल आमचे एकच सांगणे आहे, त्यांच्या वाटेला जाऊ नका. दुसरी गोष्ट अतिरेकाची. खेळापायी झोप, शाळा, जेवण, माणसे सगळे सुटू लागले आणि हे बरेच महिने चालले, तर तो आजार मानावा असे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवले. २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत त्याची नोंद आहे. त्यामुळे घरात वेळेचे बंधन हवेच.

पण या दोहोंपलीकडे गोष्टीचे खेळ आहेत. त्यांत एक काल्पनिक जग असते. डोंगर, किल्ले, जादू, राक्षस असे सगळे त्यात येते. नायक एका टोकापासून चालू लागतो, माणसांना भेटतो, शत्रूशी लढतो, आणि पन्नास-पन्नास तासांनी त्याची गोष्ट पूर्ण होते. ही एक कादंबरीच असते, फक्त नायकाचे पाय आपल्या बोटांनी चालवायचे. अशा खेळांना लागणारी यंत्रे महाग असतात. आपल्या बहुतेक मुलांकडे ती नाहीत. ती यूट्यूबवर दुसऱ्याचा खेळ पाहतात आणि गोष्ट मात्र स्वतःची मानतात. एकेकाळी आपली माणसे सिनेमाच्या थिएटरबाहेर उभी राहून गाणी ऐकत, तसेच हे.

गोष्ट पुढे नेण्याच्या चार वाटा

जगभरच्या खेळ बनविणाऱ्या कंपन्यांपुढे हा प्रश्न वारंवार आला आहे. नायक लोकप्रिय झाला, त्याची गोष्ट पूर्ण झाली, पण लोकांना पुढचा भाग हवा आहे. मग काय करायचे? आम्हांला यातून चार वाटा दिसतात.

पहिली वाट, नायक तोच ठेवायचा, मुलूख बदलायचा. अमेरिकेत तयार झालेल्या 'गॉड ऑफ वॉर' या मालिकेचा नायक क्रेटोस. २००५ साली ती मालिका सुरू झाली. ग्रीक देवांवर सूड उगवत तो निघाला आणि २०१० च्या तिसऱ्या भागात त्याने सगळे उद्ध्वस्त करून टाकले. मारायला कुणी उरले नाही. मग २०१८ साली कंपनीने त्याला उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात नेले, दाढी वाढवली आणि सोबत एक लहान मुलगा दिला. आता तो नुसता लढत नाही. आपला राग मुलात उतरू नये म्हणून धडपडतो. दारूच्या आणि रागाच्या घरात वाढलेल्या अनेक बापांना ही धडपड ओळखीची वाटेल.

दुसरी वाट, नाव तेच ठेवायचे, माणूस दरवेळी नवा. जपानच्या निन्टेन्डो कंपनीची 'द लेजंड ऑफ झेल्डा' ही मालिका १९८६ साली सुरू झाली. तिच्या नायकाचे नाव लिंक. पण बहुतेक भागांत हा लिंक वेगळ्या काळातला वेगळा मुलगा असतो. संकट आले की त्या त्या काळात एक लिंक उभा राहतो. तलवार तीच, हात नवे.

तिसरी वाट, सगळेच नवे. जपानचीच 'फायनल फँटसी' ही मालिका १९८७ साली सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा सोळावा मुख्य भाग आला. साधारणपणे प्रत्येक क्रमांकाला नवे जग, नवी माणसे, नवी लढाई असते. मालिकेला जोडून ठेवतो तो तिचा बाज.

चौथी वाट वारसाची. आपल्या मुलांचा सगळ्यात मोठा वाद इथेच चालतो. पोलंडमधले लेखक आंद्झेई सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांवरून तिथल्याच सीडी प्रोजेक्ट कंपनीने 'द विचर' ही मालिका काढली. पहिला भाग २००७ साली आला, दुसरा २०११ साली आणि तिसरा २०१५ साली. नायक गेराल्ट हा पैसे घेऊन गावोगावच्या राक्षसांचा बंदोबस्त करणारा फिरता शिकारी. ज्यांच्यासाठी तो जीव धोक्यात घालतो, तीच माणसे त्याला विटाळल्यासारखी दूर ठेवतात. काम झाले की चालता हो, असा सगळा प्रकार. गावकीची कामे केलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नसते! २०१६ साली आलेल्या शेवटच्या जोडभागात गेराल्टची गोष्ट पूर्ण झाली. पुढे काय, यावर जगभर तर्क चालले. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केले की चौथ्या भागाची नायिका सिरी असेल. ही मुलगी गेराल्टच्या पोटची नव्हे. त्याने तिला सांभाळले, तलवार चालवायला शिकवली, लेकीसारखे वाढवले.

काही चाहत्यांना नायकाच्या जागी मुलगी आलेली खपली नाही. त्यांची पर्वा करण्याचे कारण नाही. आम्हांला मात्र एक दुसरी शंका आहे. सिरीला गेराल्टने घडवले हे खरे, पण कथेत ती राजकन्याही आहे आणि तिच्या रक्तातच जन्मजात अद्भुत शक्ती आहे. म्हणजे शिक्षणाने वारस होता येते असे गोष्ट एका हाताने सांगते आणि दुसऱ्या हाताने तिला राजघराण्याचे रक्त देते. साध्या शेतकऱ्याची, धोबिणीची पोर गेराल्टकडे शिकली असती तर ती पुढची नायिका झाली असती का? हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा.

राजघराण्याच्या रक्ताचे पुढे काय होते, हे रत्नागिरीकरांना ठाऊक आहे. ब्रह्मदेशाचा बौद्ध राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आजही समुद्राकडे तोंड करून उभा आहे. राजा १९१६ साली इथेच वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच लहानाची मोठी झाली, मराठी बोलली, संसाराला लागली आणि चारचौघींसारखी कष्टात जगली. मुकुट संपला, माणूस उरला. आम्हांला या नातीची गोष्ट राजाच्या गोष्टीपेक्षा अधिक जवळची वाटते.

पुण्यात तयार झालेली राजी

हे सगळे परदेशातले झाले. आपल्या महाराष्ट्रातही असा खेळ तयार झाला आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या कंपनीने 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० साली बाजारात आणला. त्यासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणी मागितली होती, ती पुरेशी जमली नाही. तरी मंडळींनी काम सोडले नाही. खेळ पूर्ण झाला आणि २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक सोहळ्यात पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या नामांकनात त्याचे नाव आले. मुंबई-पुण्याची मुले असले काम करू शकतात, हे त्याने दाखवून दिले.

नायिका राजी ही सर्कशीत कसरती करणारी गरीब मुलगी. असुरांची टोळी येते आणि इतर मुलांबरोबर तिचा धाकटा भाऊ गोलू याला पळवून नेते. भावाला सोडवायला राजी निघते. भिंतीवर चढते, खांबावरून उडी घेते. दोरावरच्या कसरतीत शिकलेले कसबच तिला पुढे नेते. पोटासाठी शिकलेली कला हेच तिचे शस्त्र, ही कल्पना आम्हांला फार आवडली.

मात्र तिच्या मागे देव उभे केले आहेत. दुर्गा तिला त्रिशूळ देते, विष्णू धनुष्य देतो, आणि शत्रूंचा राजा कोण, तर महाबलासुर.

इथे आपल्या घरात प्रश्न उभा राहतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलाने हा खेळ खेळावा का? आमचे मत असे की खेळणे म्हणजे पूजा करणे नव्हे. मुलांनी ग्रीक देवांच्या गोष्टी पाहाव्यात तशाच याही पाहाव्यात. पण पाहताना डोळे उघडे ठेवावेत. असुर कोण, हे कुणी ठरवले? महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि बळीराजाची गोष्ट उलटी करून वाचली. ज्याला पुराणांनी दैत्य म्हटले, तो त्यांना रयतेचा न्यायी राजा दिसला. आजही दिवाळीत खेड्यातल्या बाया बळीचे राज्य परत येवो असे म्हणून ओवाळतात. राक्षसाच्या राज्यासाठी कुणी असे ओवाळते का?

आपल्या कोकणातच पाहा. शिमग्याच्या खेळ्यांत संकासुर येतो. काळे कपडे, उंच टोपी, कमरेला घुंगरांचा आवाज. नावाने असुर, पण पोरे त्याला घाबरतातही आणि त्याच्याच मागे धावतातही. शिमग्यातल्या मानपानात आपल्या वाडीच्या वाट्याला काय येत असे, ते जुन्या माणसांना आठवते. धम्म स्वीकारल्यावर आपण ती सक्तीची कामे टाकली, ते योग्यच झाले. तरी लोकांच्या मनातला असुर पोथीतल्या असुरापेक्षा वेगळा आहे, एवढे संकासुराकडे पाहून कळते.

म्हणून राजीची गोष्ट पुढे न्यायची झाली तर आमची सूचना अशी. पुढच्या भागात तिने असुरांच्या गावात जावे. तिथल्या म्हातारीच्या ओट्यावर बसावे. हे लढायला का निघाले, त्यांची जमीन कुणी घेतली, त्यांच्या मुलांना कुणी नेले, हे विचारावे. मग कदाचित तिला त्रिशुळाची गरज उरणार नाही. कंपनी असे करील की नाही, हा कंपनीचा प्रश्न. आपल्या मुलांनी असा विचार करायला कुणाची परवानगी लागत नाही.

आपल्याकडचे जुने उत्तर

नायकानंतर काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेने अडीच हजार वर्षांपूर्वी दिले आहे. फार लांबलचक मालिकेची गोष्ट काढायची तर जातककथांसारखी दुसरी मालिका नाही. पाली जातकांत ५४७ कथा आहेत. नायक एकच, बोधिसत्त्व. पण कधी तो हरीण, कधी माकड, कधी हत्ती, कधी व्यापारी, कधी राजा. मातंग जातकात तर तो चांडाळ म्हणून जन्मतो आणि जातीचा ताठा बाळगणाऱ्यांना धडा शिकवतो. लिंकच्या मालिकेची तऱ्हा जातकांना फार आधीपासून ठाऊक होती! बाबासाहेबांनी आत्माच नाकारला, त्यामुळे आत्म्याचा पुनर्जन्मही नाकारला. तेव्हा या कथा शिकवणीच्या गोष्टी म्हणून वाचाव्यात, इतिहास म्हणून नव्हे. पण एक चांगला गुण घडायला किती जणांच्या किती खटपटी लागतात, हे त्यांतून मुलांना छान कळते.

पुढे तथागतांच्या हयातीतच वारसाचा प्रश्न निघाला. देवदत्त पुढे आला आणि म्हणाला, आपण आता थकलात, संघ माझ्या हाती द्या. देवदत्त तर नात्यातला. पण तथागतांनी साफ नकार दिला. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्यासारख्या शिष्यांच्या हातीही आपण संघ सोपवणार नाही, मग तुझी काय कथा, असा त्यांचा रोख होता. कुशिनारा येथे अखेरच्या वेळीही त्यांनी गादीवर कुणाला बसवले नाही. माझ्यामागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे त्यांनी आनंदाला सांगितले.

मग मालिका थांबली का? नाही. राजगृहात पाचशे भिक्खू जमले. महाकस्सपांनी सभा चालवली. धम्म कुणी सांगितला? आनंदाने, कारण त्याने सर्वाधिक ऐकले होते. विनय कुणी सांगितला? उपालीने. हा उपाली शाक्यांचा न्हावी होता. शाक्य राजपुत्रांबरोबर तो प्रव्रज्या घ्यायला आला तेव्हा राजपुत्रांनीच विनंती केली, की याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आमचा अभिमान मोडेल आणि आम्हांला याला वंदन करावे लागेल. त्याच न्हाव्याच्या तोंडून संघाचे नियम पुढच्या पिढ्यांकडे गेले.

सिरीबद्दल आम्ही जी शंका काढली, तिचे उत्तर उपालीत आहे. पुढचा भाग सुरू करायला राजरक्त लागत नाही. ज्याने नीट ऐकले, नीट पाळले, नीट सांगितले, त्याच्या हातून गोष्ट पुढे जाते.

याच्या खुणा आपल्या जिल्ह्यातही आहेत. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी येथे कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत. आधी तिथे साध्या हीनयान पंथाचे भिक्खू राहिले. कित्येक शतकांनी, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास, वज्रयानी आले, त्यांनी आपल्या मूर्ती कोरल्या. त्यानंतर नाथपंथीय आले. दगड तोच, प्रत्येक पिढीने आपली छिन्नी चालवली. मुलांना एकदा तिथे न्या. एक गोष्ट किती हातांतून जाते आणि जाताना कशी बदलते, हे त्या डोंगरात उघड दिसते. आपण सांभाळले नाही तर आपली गोष्ट दुसराच कुणी पुढे नेतो, हेही तिथेच दिसते.

खोताचा डाव

आता आपल्या काळाकडे येऊ. खेळात प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक बलाढ्य शत्रू असतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या आजोबा-पणजोबांचा तो शत्रू म्हणजे खोत. कुळाने राबायचे, पिकाचा मोठा वाटा खोताला द्यायचा, वर वेठही करायची. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातले, माता रमाईंचे वणंद दापोली तालुक्यातले. खोती म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून वाचावे लागले नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात महार होते तसे कुणबीही होते.

ते विधेयक तेव्हा पास झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. तोवर बाबासाहेब मुंबईच्या विधिमंडळात नव्हते, दिल्लीत होते. म्हणजे नायकाने सुरू केलेला टप्पा पूर्ण झाला तेव्हा नायक त्या जागी नव्हता. दरम्यान कुळांनी दाव्यांची कागदपत्रे सांभाळली, सभा भरवल्या, खोताच्या धमक्या सोसल्या. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत. पण त्यांच्या कष्टाशिवाय त्या टप्प्याची गोष्ट पूर्ण होत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि सात-आठ आठवड्यांतच बाबासाहेब गेले. एखाद्या खेळात नवे जग उघडावे आणि त्याच क्षणी नायक जावा, तसे झाले. मात्र जाण्यापूर्वी बाबासाहेबांनी एक फार मोठी गोष्ट करून ठेवली होती. दीक्षा घेतलेल्या प्रत्येक बौद्धाला दुसऱ्याला दीक्षा देण्याचा अधिकार आहे, असे त्यांनी जाहीर केले होते. मठ नाही, पुरोहित नाही, गादी नाही. ज्याला मिळाले, त्याने द्यावे.

त्याप्रमाणे कोकणात घडलेही. मुंबईच्या गिरणीत, गोदीत, महापालिकेत राबणाऱ्या माणसांनी खोलीखोलीतून वर्गणी गोळा केली, गावी समाजमंदिरे आणि विहारे बांधली. बौद्धाचार्य तयार झाले, लग्ने धम्मविधीने लागू लागली. अक्षर न येणाऱ्या आयांनी त्रिसरण-पंचशील तोंडपाठ केले आणि पोरांना शाळेत पाठवले. मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लोक लढले, कितीजणांनी प्राण दिले. त्या लढ्यालाही एकच एक नायक नव्हता.

मग आपले अडते कुठे? वारस कोण, या वादात अडते. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि पुढे त्याचे गट पडत गेले. खरा वारस मी, की तू, या भांडणात कार्यकर्त्यांची उमर गेली. दुसरीकडे आपल्यातलेच कितीतरी लोक म्हणतात, पुन्हा एक बाबासाहेब जन्माला यायला हवा, मगच काही होईल. दोन्ही विचार एकाच चुकीतून येतात. नायकाची जागा रिकामी आहे आणि ती भरली की आपले काम संपले, असे आपण समजतो. तथागतांनी ती जागा मुद्दामच ठेवली नाही. बाबासाहेबांनी तिचे वाटप करून ती सगळ्यांना दिली.

एका मुलाने पूर्ण होत नाही असा खेळ

समजा, आपल्या वाडीतल्या मुलांनी एक खेळ रचायचा ठरवला. त्यातला एक टप्पा महाडच्या चवदार तळ्याचा ठेवा. २० मार्च १९२७. साध्या खेळात नायक पहारेकऱ्यांना मारून तळ्यावर पोचेल, पाणी पिईल, गुण मिळतील. आपल्या खेळात नियम वेगळा करा. एकट्याने पाणी प्यायले तर टप्पा पूर्ण होत नाही. मागे राहिलेली म्हातारी, लंगडा गडी, भेदरलेले पोर, सगळे काठावर आले आणि सगळ्यांनी ओंजळ भरली, तरच पुढचा दरवाजा उघडतो. नायक दमला तर कुठल्याही माणसाच्या हाती डाव देता येतो आणि खेळ तिथून पुढे चालतो. असा खेळ आम्ही तरी अजून पाहिला नाही.

हे रचायला लाखो रुपये लागत नाहीत. आधी वही आणि पेन्सिल लागते. गोष्ट लिहा, नकाशा काढा, पात्रांची चित्रे काढा. पुढे हुरूप टिकला तर 'गोडो' आणि 'ब्लेंडर' अशी साधने फुकट मिळतात. पहिले खेळ जुळवायला, दुसरे चित्रे आणि आकृती घडवायला. साधा जुना काँप्युटरही सुरुवातीला चालतो. ज्याला गणित येते तो आज्ञावली शिकेल, ज्याला चित्र येते तो चित्र काढील, जिचा गळा गोड ती आवाज देईल, जी गोष्ट सांगते ती गोष्ट लिहील. एक खेळ बनवायला अशी सगळी माणसे लागतात. तेही नायकाशिवायचे काम आहे. या धंद्यात नोकऱ्या आहेत, पण चढउतारही आहेत. म्हणून शाळा-कॉलेज सोडून कुणी यामागे लागू नये. शिक्षणाच्या जोडीने शिकावे.

पालकांना आमचे एवढेच सांगणे, की मुलाच्या हातातला मोबाईल ठरल्या वेळी जरूर काढून घ्या, पण त्याआधी त्याची गोष्ट विचारा. हा नायक कोण? याचे शत्रू कोण, आणि ते शत्रू का झाले? नायक गेला तर पुढे कोण येईल, आणि ते का? मुलगा उत्तर देऊ लागला की तुमच्याकडची गोष्ट सांगा. आजोबांनी खोताला काय उत्तर दिले ते सांगा. आजीने पहिल्यांदा पांढरे लुगडे नेसून वंदना घेतली तो दिवस सांगा. तुमच्या घरातली ही पात्रे कुठल्याही कंपनीच्या खेळात सापडायची नाहीत.

आषाढ पौर्णिमेपासून आपल्या विहारांत वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते. तीन महिने रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो आणि अश्विन पौर्णिमेला समाप्ती होते. यंदा समाप्तीच्या दिवशी खीरदान झाल्यावर पाच-दहा मिनिटे मुलांना द्या. ग्रंथ संपला, तथागतांची गोष्ट पूर्ण झाली, आता पुढचा भाग कुणाचा, हे त्यांनाच विचारा. पहिल्या वर्षी मुले लाजतील, एकमेकांना ढोसतील. दुसऱ्या वर्षी कुणीतरी वही घेऊन येईल.